फौजीवहिनींचं शिकणं

'मला येत नाही' हे वाक्य फौजीवहिनी जितक्या सहज बोलायच्या, तितक्या सहज ते बोलणारं दुसरं माणूस मला आजवर भेटलं नाही. 'तहान लागली' म्हणावं तशा त्या ते म्हणायच्या. त्यात लाज नसायची, आणि उगाच आणलेला नम्रपणाही नसायचा. कराडला रेडिओ दुरुस्तीच्या क्लासात पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाला विचारलं, काय काय येतं? पोरांनी एकेक सांगितलं. कुणी घरचा रेडिओ उघडून पाहिला होता, कुणी मामाच्या दुकानात बसला होता. मागच्या बाकावर नऊवारीतल्या एक बाई बसल्या होत्या, तिशी गाठलेल्या, कपाळ मोकळं. त्या उठून म्हणाल्या, "मला काय न्हाई येत. म्हनून तर आले." पोरं हसली. त्या शांतपणे खाली बसल्या आणि फळ्याकडं बघू लागल्या.

वर्गात बायका आम्ही दोघीच. मी कराडलगतच्या मलकापूरची, मॅट्रिक झालेली, लग्न जमेपर्यंत काहीतरी शिकू दे म्हणून वडिलांनी घातलेली. त्या कडेगावजवळच्या खेड्यातून रोज एस.टी.नं यायच्या. त्यांचा नवरा फौजेत सिग्नलला होता आणि एकाहत्तरच्या लढाईत गेला. म्हणून पोरांनी त्यांना फौजीवहिनी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं. सरकारी माणसं त्यांना शिलाई मशीन द्यायला आली, तेव्हा यांनी ते नको म्हटलं. गावात तिघी शिवणकाम करतात, त्यांच्या पोटावर मी का पाय देऊ, त्यापेक्षा रेडिओचं काम शिकवा, असं त्या साहेबांना सांगितलं. साहेबांना ते चमत्कारिक वाटलं. सासूबाईंना तर फारच वाटलं. त्यांना सगळं गाव आत्याबाई म्हणायचं. आत्याबाई पुढं बरेच दिवस सुनेशी नीट बोलल्या नाहीत.

रेडिओच का, हे मी एकदा डबा खाताना विचारलं. वहिनींनी हातातला भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला. मग म्हणाल्या, "ते सुट्टीवर आले की सांगायचे, आमी तारा जोडतो, निरोप धाडतो. मी हूं हूं करायची. एक अक्षर कळायचं न्हाई बघ. माणूस आख्खं आयुष्य काय करत हुता, त्येच मला ठावं न्हाई. आता तरी कळंल." त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मीही विचारलं नाही.

त्यांचं शिकणं संथ होतं. सरांनी सांगितलेलं मला एका झटक्यात कळायचं आणि आठवड्यात विसरायचं. वहिनींना ते चार दिवस कळायचं नाही, आणि एकदा कळलं की हाडात मुरायचं. कळेपर्यंत त्या विचारत राहायच्या. सर वैतागले तरी विचारायच्या. एकदा सर चिडून म्हणाले, बाई, हे तुमच्या डोक्याबाहेरचं आहे. वहिनी म्हणाल्या, "व्हय, आज हाय भाईर. उद्या परत सांगा." सरांना हसावं की रागवावं कळेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत सांगितलं.

क्लास संपल्यावर मलकापुरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही दोघींनी दुकान टाकलं. वडिलांनी खोली दिली, ती वहिनींकडं बघून. गिऱ्हाईक दारात यायचं, आत डोकवायचं आणि विचारायचं, मिस्त्री कुठं गेलाय? वहिनी स्टूल पुढं सरकवायच्या. "मिस्त्री मीच. बसा, काय झालंय सांगा." काही बसायचे, काही आलोच म्हणून जायचे ते यायचेच नाहीत. जाणाऱ्यांचा त्यांनी राग केला नाही. जो बसला, त्याच्या रेडिओकडं लक्ष द्यायचं, असं त्यांचं म्हणणं.

खरी अडचण वेगळीच होती. आम्ही शिकलो ते मुख्यतः व्हॉल्व्हच्या मोठ्या रेडिओवर. दुकान उघडलं तर लोक खांद्याला अडकवायचे छोटे ट्रान्झिस्टर घेऊन येऊ लागले. आतलं सगळं निराळं, सगळं बारीक. पहिला सेट मी हातात घेतला आणि तारेला कथलाचा डाग देताना जाळून टाकला. दुसऱ्याचंही तेच झालं. मी रडायला लागले. वर्षभर शिकलो ते फुकट गेलं, म्हणाले. वहिनींनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "फुकट कसं गेलं गं, शालन? आपल्याला शिकायची सवय लागली न्हवं? तेवढीच कमाई. यंत्रं काय, बदलतच राहनार." दुसऱ्या दिवसापासून त्या संध्याकाळी परत सरांच्या क्लासात जाऊन बसू लागल्या, नव्या पोरांच्यात, तोच मागचा बाक. मला लाज वाटायची, म्हणून आधी मी गेले नाही. मग मीही जाऊ लागले.

दोनेक वर्षांत दुकान बरं चाललं. कुंडलपर्यंतचे लोक सेट घेऊन यायचे. वहिनींची रीत ठरलेली होती: रेडिओ लगेच उघडायचा नाही. आधी चालू करून डोळे मिटून ऐकायचा. खरखर आहे, की आवाज मधेच बुडतोय, की नुसतीच गुणगुण आहे. निम्मं दुखणं त्यांना बाहेरूनच कळायचं.

त्यातच त्यांना खोकला लागला. अंगात बारीक ताप राहू लागला, वजन उतरलं. तपासलं तर क्षय निघाला. रोज एक इंजेक्शन, असं कितीतरी महिने घ्यायचं होतं. सकाळी दवाखान्यात सुई टोचून घेऊन त्या दुकानात येऊन बसायच्या, माझ्यापासून लांब, खिडकीपाशी, तोंडाला पदर लावून. मी घरी थांबा म्हणायची. घरी आत्याबाई नुसत्या तोंडाकडं बघत बसतात, त्यापेक्षा हे बरं, असं त्या म्हणायच्या.

इंजेक्शनांनी ताप गेला, खोकला गेला. अंगावर थोडं मांस चढलं. इंजेक्शनं अजून चालू होती, पण आम्हाला वाटलं, सुटलो.

एका दुपारी मी बाजारातून आले, तर एका शाळामास्तरांचा सेट वहिनींनी तिसऱ्यांदा उघडला होता. म्हणाल्या, गुणगुण जात नाही. कंडेन्सर बदलले, तारा तपासल्या, सगळं ठीक दिसतंय, तरी बारीक गुणगुण आहेच. मी कान लावला. शेतीचा कार्यक्रम चालू होता. उसाच्या लागणीबद्दल कुणीतरी बोलत होतं, अगदी स्वच्छ.

"वहिनी, गुणगुण न्हाई."

"हाय गं. नीट ऐक."

मी पुन्हा ऐकलं. मान हलवली. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मग हात लांब करून सेट बंद केला. खोलीत काही आवाज नव्हता. त्या म्हणाल्या, "बंद केला तरी येतीय."

त्यांनी त्या सेटचं पाठीमागचं झाकण लावलं, एकेक स्क्रू नीट घट्ट केला आणि फडक्यानं सेट पुसून मास्तरांसाठी बाजूला ठेवला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. या इंजेक्शनानं कुणाकुणाचे कान जातात. आवाज येऊ लागले तेव्हाच सांगायला हवं होतं. पण वहिनींना तो आवाज रेडिओचाच वाटत आला होता. इंजेक्शन थांबवलं, औषध बदललं, पण गेलेलं परत येणार नव्हतं, आणि उरलेलंही हळूहळू निघालं. कानाच्या आत नेमकं काय होतं, हे वहिनींनी डॉक्टरांना दोनदा विचारलं. त्यांनी कागदावर कानाचं चित्र काढून दाखवलं. ते त्यांनी मन लावून पाहिलं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "आतल्या बारीक तारा जळाल्या. त्या बदलता येत न्हाईत." मग एस.टी. येईपर्यंत फलाटावर पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. त्यांची पाठ हलत होती. मी जवळ गेले नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

वर्षभरात दोन्ही कान गेले. त्यांनी दुकान सोडलं नाही. कानानं कळायचं ते मीटरच्या काट्यानं शोधायला लागल्या, आणि स्पीकरच्या कागदावर बोटं टेकवून आवाज आहे की नाही ते बघायला लागल्या. शेवटचं ऐकण्याचं काम माझं. बोलणं पाटीवर. मला एकच अट घातली होती, की लोक जे बोलतील ते जसंच्या तसं लिहायचं, गोड करायचं नाही. एकदा एका भल्या माणसानं टेबलावरचा आपला रेडिओ उचलला आणि मला हळू आवाजात म्हणाला, बाईंना वाईट वाटू देऊ नका, पण बहिऱ्या माणसाला रेडिओ कसा दाखवायचा? तो गेल्यावर वहिनींनी पाटी पुढं केली. मी लिहिलं. त्यांनी वाचलं, पदरानं पुसलं. "खरं हाय त्येचं," म्हणाल्या. त्यांचा आवाज तोवर मोठा आणि सपाट झाला होता. आपण किती जोरात बोलतो हे त्यांना कळायचं नाही. रस्त्यावरच्या माणसानं वळून पाहिलं.

त्याच सुमारास मला सांगलीच्या टेलिफोन केंद्रात नोकरीचा हुकूम आला. मी जाणार नाही म्हणाले. वहिनींनी माझ्या हातातून पाटी काढून घेतली, म्हणजे मला काही लिहिताच येईना, आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात बोलल्या. "जा. माझ्यापायी बसलीस तर मला रोज तुज्याकडं बघवनार न्हाई. आन् एक ध्यानात धर. नोकरी लागली की मानसं शिकायचं थांबवत्यात. तितं सगळेच थांबलेले असतील. तू थांबू नगंस." मी गेले. दुकानाची पाटी वडिलांनी उतरवली.

त्या कडेगावला खोली घेऊन आत्याबाईंना घेऊन राहिल्या. तिथं उसाच्या पट्ट्यात विहिरीवरच्या मोटारी उन्हाळ्यात सारख्या जळायच्या. मोटारीला नवी तार गुंडाळायला कान लागत नाही, हे वहिनींच्या लक्षात आलं. एका वर्कशॉपवाल्याकडं जाऊन त्या बसल्या. त्यानं आधी हाकलून दिलं, मग कंटाळून कोपऱ्यात जागा दिली. तिसऱ्यांदा त्या अगदी पहिल्यापासून शिकल्या. वयानं अर्धी असलेली पोरं त्यांच्या पाठीमागं नकला करायची. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण पोरांचे हलणारे खांदे दिसायचे. हे त्यांनीच मला सांगितलं, दिवाळीला भेटायला गेले तेव्हा. सांगताना हसल्या नाहीत.

त्या भेटीत मी बघितलं, वहिनी घरी थोडे रेडिओही दुरुस्त करत होत्या, आणि ऐकायला शेजारी आत्याबाई बसल्या होत्या. रेडिओ शिकू नको म्हणून सुनेशी अबोला धरलेली ती म्हातारी सेटला कान लावून बसायची, आणि आवाज आला की हात वर करायची. खरखर असली की बोटं हलवायची. मला वहिनींनी टेलिफोन केंद्राबद्दल खोदून खोदून विचारलं. नंबर फिरवला की आत काय होतं, मधला रिलेचा खटका कसा पडतो, कोण कुणाला जोडतं. मी पाटीवर चित्रं काढत गेले. मला जिथं नीट सांगता येईना, तिथं त्या बोट ठेवायच्या. "हितं तुला ठावं न्हाई. बघून ये." सांगलीला परत जाऊन मी ते पाहिलं. केंद्रात पुढं नवी यंत्रं आली, तेव्हा शिकायला आपण होऊन गेलेली मी एकटीच होते.

पुढच्या खेपेला जाणं लांबत गेलं. लग्न झालं, बदल्या-पाळ्या सुरू झाल्या. एका पौषात कडेगावच्या गाडीच्या कंडक्टरनं केंद्रात निरोप आणून दिला. वहिनींची छाती मुळात पोखरलेली, त्यात थंडीत कफ झाला, आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. निरोपच उशिरा आला होता; मी पोचले तेव्हा दहावाही होऊन गेला होता.

आत्याबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. मला ओळखलं. शेजारी बसवलं. खोलीत एक अर्धी गुंडाळलेली मोटार होती, ती कुणी हलवली नव्हती. आत्याबाई सांगू लागल्या. पाटीनं फार वेळ जातो म्हणून सुनेनं ओठ वाचायला शिकायचं मनावर घेतलं होतं. रोज दिवेलागणीला ती यांच्यासमोर मांडी घालून बसायची आणि यांनी बोलायचं.

"माझ्या तोंडात दात न्हाईत," आत्याबाई म्हणाल्या. "व्हट आत जात्यात. तिला लय जड गेलं बग. रडायची. परत म्हनायची, आत्याबाई, बोला. शिकली शेवटी. मग घरात आमी दोघीच, आवाज कशाला काढायचा? मी नुसते व्हट हालवायची. तिला समदं कळायचं."

त्या पुढं बोलत राहिल्या. शेवटच्या दिवसाचं काहीतरी सांगत होत्या, हाताचा पंजा छातीपाशी नेत होत्या. बोलता बोलता त्यांचा आवाज कधी बंद झाला ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. ओठ मात्र हलत होते, डोळे माझ्यावर होते, मधेच थांबून माझ्याकडून हुंकाराची वाट बघत होत्या.

आवाज काढा, असं मला म्हणवलं नाही. मी त्यांच्यासमोर सरकून मांडी घालून बसले आणि त्यांच्या ओठांकडं बघत राहिले. मला त्यातलं काही येत नव्हतं.