संकल्पात पापाचं नाव घ्या

गेल्या मार्गळीत, म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमाराच्या तमिळ महिन्यात, एका शुक्रवारी सकाळी, कुंभकोणमजवळच्या एका छत्राच्या, म्हणजे जुन्या धर्मशाळेच्या, गोशाळेच्या दारात माझ्या डोक्यावर गोमूत्राची बादली ओतण्यात आली. ओतणारा धर्मकर्त्यांचा, म्हणजे छत्राच्या विश्वस्तांचा, पुतण्या होता. पूजेला आलेले लोक बाजूला उभे होते. कोणी हसलं नाही. कोणी अडवलंही नाही. मी त्या गोशाळेचा नोकर होतो आणि कामावर चाललो होतो.

"बाहेरच थांब," पुतण्या म्हणाला. "आत शुद्धी चालू आहे."

"कसली शुद्धी?"

"तुला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. आत भटजी आंब्याच्या डहाळीने भिंतींवर पाणी शिंपडत होते. अलमेलु नावाची गाय तिच्या जागेवर नव्हती. मागच्या कुंपणापाशी, उन्हात, एकटी बांधली होती. दोन दिवसांपूर्वी व्यालेली गाय. वासरू आतच होतं आणि हंबरत होतं.

मी तसाच घरी गेलो. डोळे चुरचुरत होते. रस्त्यात ओळखीचे लोक भेटले, ते दुसरीकडे बघू लागले. घरी बायको ओट्यापाशी उभी होती. फोन तिने पालथा ठेवला होता.

"हे तुम्हीच का?" एवढंच तिने विचारलं. मी फोन सरळ केला. मीच होतो.

गावभर पोचलेली ती चित्रफीत गोशाळेच्या खिडकीच्या गजांतून घेतलेली. गाय पाठमोरी. तिच्या मागे मी, गुडघ्यांवर, फक्त चड्डीवर. दोन्ही हात पुढे. माझा चेहरा ओळखू येतो. हात कशाला धरून आहेत ते दिसत नाही. चित्रफीत तिथेच संपते.

जे घडलं ते असं. बुधवारी पहाटे अलमेलु व्याली. वासरू नीट आलं. थोड्या वेळाने तिचं मायांग बाहेर पडलं. ज्यांनी गुरं पाळली आहेत त्यांना हे ठाऊक आहे. व्यालेल्या गाईचं गर्भाशय कधीकधी उलटून बाहेर येतं. ते जमिनीला लागलं, माती लागली, गाय खाली बसून दबलं, तर गाय जाते. डॉक्टर येईपर्यंत ते स्वच्छ कापडात उचलून धरायचं असतं. गोशाळेत पोती होती, शेण लागलेली. स्वच्छ कापड एकच होतं, माझी वेष्टी, कमरेचं धोतर. त्या सकाळी धुतलेली नेसलो होतो. ती सोडली, पाण्यात भिजवली, त्यात ते धरलं. सूज उतरावी म्हणून वर साखर टाकली. आडुतुरैच्या बाजूने डॉक्टरीणबाई स्कूटरवर येईपर्यंत तसाच गुडघ्यांवर होतो. हात बधिर झाले होते. बाईंनी ते आत बसवलं, टाके घातले. गाय जगली.

मार्गळीत पहाटे देवासमोर गाय उभी करतात. ती न्यायला पुतण्या आला होता. खिडकीतून त्याने पाहिलं, फोन काढला, आणि परत गेला. आत आला नाही. हाक मारली नाही. डॉक्टरीणबाईंची स्कूटर आली तेव्हा तो फाटकाबाहेरच होता. बाईंना त्याने रस्ता दिला.

धर्मकर्त्यांच्या आणि माझ्या, दोघांच्याही घरात मराठी बोलतात. तंजावरच्या दरबाराबरोबर जी माणसं इकडे आली, त्यांच्यातले आम्ही. त्यांचे पूर्वज घोड्यावर बसून आले. आमचे घोड्यांना खरारा करायला, पायी. दरबार गेला, घोडे गेले. ते अजून रावसाहेब आहेत. मी अजून अरे-तुरे. गोशाळेत लागण्याआधी मी एका तमिळ दैनिकाच्या जिल्हा पानावर बातम्या तपासत होतो. ते पान बंद झालं. धर्मकर्ते तेव्हा म्हणाले होते, "ये. तुमच्या लोकांना जनावरांचा हात आहे." ते मी कौतुक समजलो होतो. शुक्रवारनंतर तेच वाक्य गावात फिरत होतं. या लोकांना जनावरांचा हात आहेच.

त्या कृत्याबद्दल मला घृणा आहे. ज्याला बोलता येत नाही, नाही म्हणता येत नाही, पळता येत नाही, दाव्याला बांधलेलं आहे, त्याच्यावर बळजोरी. याहून स्पष्ट काही नाही. गावाची घृणा मात्र वेगळी होती. तिच्यात गाय कुठेच नव्हती.

चहाच्या दुकानात बाकावरच्या माणसांनी मला बघून जागा केली.

"अरे उठा, उठा. माप्पिळ्ळै आले."

माप्पिळ्ळै म्हणजे नवरदेव, जावईबापू.

"हुंड्यात काय मिळालं माप्पिळ्ळै? पेंढा की पेंड?"

"सासुरवाडी बरी आहे हो. सासू शिंगं मारते, एवढंच."

दुकानदाराने मला कागदी कपात चहा दिला. बाकीच्यांना काचेच्या ग्लासात दिला होता. मी चहा तिथेच ठेवला.

बायको एका पितळी भांड्यांच्या दुकानात काम करते. तिथल्या बायका दुपारी एकमेकींच्या डब्यात हात घालून जेवतात. त्यांनी तिला वेगळं बसवलं. एकीने समजावून सांगितलं, "तू वाईट नाहीस गं. पण तू त्याच घरातून येतेस ना."

मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या एका शेळीचा खूर कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी बघितली ती चित्रफीत. मला कोणी विचारायला येईल म्हणून वाट बघत होते."

"कोणी आलं नाही?"

"कसे येतील? माझ्यासमोर तो शब्द उच्चारावा लागेल. मी बाई आहे."

त्यांनी शेळी सोडली, हात धुतले. मग म्हणाल्या, "नोकरीत खऱ्या केसेसही बघितल्यात मी. नाव असलेल्या घरांतल्या. जखम बघितली की कळतं. मालक म्हणतो, खिळा लागला. कुंपणावर पडली. लिहा तसंच, डॉक्टर. मी खरं लिहिते. पुढच्या खेपेला जाते तर जनावर विकलेलं असतं. त्या घरांत शुद्धी झालेली मी ऐकली नाही. शुद्धी केली तर लोक विचारतील, कशाची."

"माझ्यासाठी केली."

"तुमच्या घराला नाव नाही."

पोलीस ठाण्यात लेखनिक हवालदार भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली.

"चित्रफीत खोट्या अर्थाने फिरवली. तक्रार घ्या," मी म्हणालो.

"खोटा अर्थ म्हणजे काय अर्थ?"

मी सांगितलं.

त्याने लेखणी खाली ठेवली. "हे मी लिहीत नाही. इथे महिला पोलीस बसतात." मग जवळ सरकून म्हणाला, "आणि तुम्हाला भीती कशाची? जुन्या कायद्यात याला कलम होतं. नव्यात ते नाही. केलं असेल तरी सुटलात."

"मी केलेलं नाही."

"तेच म्हणतोय. सुटलात."

जुन्या दैनिकातल्या एका सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, छापू, पण तो शब्द नको, 'किळसवाणा प्रकार' असं घालू. मी म्हणालो, मग वाचणारा काय समजेल? तो म्हणाला, जे समजायचं ते.

आरोप माझ्यावर कोणीच केला नव्हता. बादली ओतली तेव्हा नाही, चहाच्या दुकानात नाही, ठाण्यात नाही. तो शब्द एकाच्याही तोंडून बाहेर पडला नव्हता. जो आरोप बोलला जात नाही, तो नाकारायचा कसा, हे मला कळत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात धर्मकर्त्यांनी बोलावलं. त्यांच्या घराच्या पडवीत ते झोपाळ्यावर बसले होते. मी उभा होतो.

"बघ रे," ते म्हणाले. "जालं तें जालं. छत्राचं नाव आहे. आपल्या लोकांचं नाव आहे. तमिळ लोक आधीच हसतात. एक लहानसं प्रायश्चित्त करून टाकू. पंचगव्य घे. भटजींना सांगितलंय. मग ये कामावर."

"रावसाहेब, कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दल."

"डॉक्टरीणबाईंना एकदा विचारा. त्यांनी स्वतःच्या हातांनी..."

"बाईमाणसाशी असलं बोलायचं?" झोपाळा थांबला. "तुला लाज आहे की नाही?"

घरी बायको म्हणाली, "घेऊन टाका की तें. एक वाटी तर आहे. सरलं म्हणजे सरलं. मला दुकानात पुन्हा सगळ्यांत बसायचंय."

ती रडत नव्हती. हिशेबाने बोलत होती. एक वाटी पंचगव्याच्या बदल्यात नोकरी, शेजार, दुकानातली जागा. मी हो म्हणालो.

प्रायश्चित्त सोमवारी सकाळी गोशाळेच्या अंगणात ठेवलं होतं. ज्या लोकांसमोर बादली ओतली, तेच लोक बोलावले होते. धर्मकर्ते खुर्चीवर. पुतण्या मागे उभा, हातात फोन. बायको बायकांच्या कडेला. मला ओल्या वेष्टीत पाटावर बसवलं. भटजी म्हातारे होते, माझ्याशी नेहमी नीट बोलत. त्यांनी माझ्या तळहातावर अक्षता ठेवल्या, पळीने पाणी घातलं आणि संकल्प सुरू केला.

संकल्पाची एक रीत आहे. आधी काळ, मग स्थळ, मग गोत्र, मग नाव. मग कारण. कशासाठी हे करतो आहोत ते. कारणाशिवाय संकल्प होत नाही. भटजी माझ्या नावापर्यंत आले आणि आवाज थोडा खाली आणून म्हणाले, "समस्त पापक्षयार्थं."

"थांबा," मी म्हणालो. "समस्त कसलं? पाप एक आहे. त्याचं नाव घ्या."

"असंच म्हणतात बाबा."

"असं नाही म्हणत. ब्राह्मण मारला तर त्याचं नाव घेता. दारू प्यायली तर तिचं घेता. याला शास्त्रात नाव नाही?"

भटजींनी खाली बघितलं. "आहे."

"मग घ्या."

"इथे घेता येत नाही."

"पाणी सोड," धर्मकर्ते खुर्चीतून म्हणाले.

बायको माझ्याकडे बघत होती. मान हलकेच हलवत होती. सोडा. सोडून टाका. बोटांतून पाणी आपोआप गळत होतं. अजून थोडा वेळ गप्प बसलो असतो तर काही न करता संकल्प पूर्ण झाला असता. त्या कृत्याचा कर्ता म्हणून, माझ्या गोत्रासकट, माझ्या नावासकट.

मी अक्षता परत तबकात टाकल्या. उभा राहिलो. घरच्या मराठीत त्याला शब्द नाही. बाहेरच्या तमिळमध्ये आहे ती शिवी आहे. मी शिवी टाळली, पुस्तकी शब्द घेतला. सगळ्यांना कळेल असं, सावकाश, आधी मराठीत आणि मग तमिळमध्ये म्हणालो:

"मी गाईशी संभोग केला, असा तुमचा आरोप आहे. मी केलेला नाही. गाईचं गर्भाशय बाहेर आलं होतं. मी ते धरून होतो. ज्याला वाटतं मी केला, त्याने इथे उभं राहून, हाच शब्द वापरून, तसं म्हणावं."

बायकांनी कानांवर हात ठेवले. एकजण "शिवा, शिवा" म्हणत फाटकाकडे गेला. पुतण्याने फोन खाली केला. ही चित्रफीत त्याने घेतली नाही.

धर्मकर्ते उभे राहिले. इतके दिवस न दिसलेला राग त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा दिसला.

"देवाच्या अंगणात हे तोंड?" ते ओरडले. "हाकला याला."

त्याच दुपारी मला कामावरून काढलं. कारण लेखी दिलं: संस्थेच्या आवारात, स्त्रियांसमक्ष, अश्लील भाषेचा वापर. दुसरं कोणतंही कारण त्यात नव्हतं.

बायको त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. तिला वेगळं बसवणाऱ्या बायकांच्या मध्ये जाऊन डबा उघडला आणि तेच बोलली जे मी बोललो होतो. त्याच शब्दांत. दोघी उठून गेल्या. बाकीच्या बसल्या.

अलमेलु आता गोशाळेत नाही. तिला तिरुप्पनंदाळच्या बाजूला कोणाला तरी देऊन टाकलं, असं भटजींनी सांगितलं. वासरू ठेवून घेतलं. डाग गाईला लागला होता, वासराला नाही.

मी कोर्टात गेलो. बदनामीची तक्रार, पुतण्या आणि धर्मकर्ते दोघांविरुद्ध. वकिलाने मसुद्यात 'अश्लाघ्य आरोप' असं लिहिलं होतं. मी ते खोडून आरोप काय होता ते लिहिलं. वकील म्हणाला, न्यायाधीश बाई आहेत. मी म्हणालो, त्यांना वाचता येतं.

डॉक्टरीणबाईंनी साक्ष दिली. बोलावणं जाताच आल्या. जे पाहिलं ते सांगितलं, अवयवाचं नाव घेऊन, टाक्यांचं वर्णन करून. न्यायाधीशबाईंनी लिहून घेतलं. कोणी कानांवर हात ठेवले नाहीत.

मागच्या तारखेला धर्मकर्त्यांच्या वकिलाने अर्ज दिला. विषय सभ्य कानांना योग्य नाही, समाजाच्या भावना नाजूक आहेत, म्हणून यापुढची सुनावणी बंद दाराआड व्हावी. न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, तुमचं काय म्हणणं? माझ्या वकिलाने माझी बाही धरली. बंद दार आपल्याही सोयीचं आहे, असं त्याने मला आधी सांगितलं होतं.

मी म्हणालो, "माझ्यावर बादली उघड्यावर ओतली. सुनावणीही उघड्यावर व्हावी."

हरकत नोंदवून घेण्यात आली. अर्जावर निर्णय झालेला नाही.