ओट्यावरच्या शाळेची सावड

नातीला शाळेत बोलायला विषय दिलाय. फोनवर शाळा भरत होती तेव्हा जे आईबाप पोरांबरोबर बसले, त्यांना त्याचा मोबदला मिळायला हवा होता की नको? ती एका बाजूनं बोलणार, दुसरी मुलगी दुसऱ्या बाजूनं. मी तांदूळ निवडत होते, तर समोर येऊन बसली.

"आजी, तू सांग. हो का नाय?"

म्हटलं, "तुझ्या आईला विचार."

"विचारलं. ती म्हनली, आजीला विचार."

तेव्हा कळलं, सुनेलाही ते सगळं आठवतंय. आम्ही दोघी एका चुलीवर रांधतो, पण त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. नातीला मी सांगितलं, तिच्या वयाला झेपेल एवढं. राहिलेलं इथं लिहिते. मी शाळेची पायरी चढलेली नाही बरं का, अक्षरं शिकले ती किराण्याच्या पुड्यांच्या कागदावरची वाचून वाचून. त्यामुळे बोलल्यासारखंच लिहिते, तेवढं सांभाळून घ्या.

शाळा बंद पडल्याचं ते दुसरं वर्ष. कर्जतहून खोपोलीकडं जाताना आत वळलं की आमचं गाव. त्या चैत्रात आमचे हे गेले. त्यांना तो आजार नव्हता. दुपारी जेवून ओटीवर आडवे झाले, मी चहाला हाक मारली, ते उठले नाहीत. पण तेव्हा कोण कुणाचं ऐकून घेणार? चार माणसं तोंडाला फडकी बांधून आली आणि घेऊन गेली. गावानं दारं लावून घेतली होती. लावायचीच होती, मी कुणाला दोष देत नाही. दहाव्याचे मंत्रसुद्धा भटजींनी फोनवर म्हटले.

एरवी आमच्याकडं मयताच्या घरी बायका येतात, गळ्यात पडून रडतात. त्या घरचं खात नाहीत, आपल्या घरून भाकऱ्या बांधून आणतात आणि त्या घराला खायला घालतात. तसं काहीच झालं नाही. आणि मीही रडले नाही. रडायचं नाही असं ठरवलं होतं असं नव्हे, आलंच नाही. ते झोपायचे त्या ओटीवर मी बसायला लागले. पुढ्यात ताट आलं की खायची, उचललं की बघत बसायची. पाऊस सुरू झाला तो शेजारणीनं "वळचणीचं पानी अंगावर येतंय, आत सरका" असं ओरडून सांगितलं तेव्हा मला समजला.

घर चालवत होती ती सून. मुलगा माथेरानला हॉटेलात कामाला होता, हॉटेलं बंद झाली तेव्हापासून तो कुणाचा तरी टेंपो चालवत होता. पहाटे जायचा, अंधार पडल्यावर यायचा. सून खोपोलीला एका कारखान्यात पॅकिंगला होती. कारखाना मधी बंद पडून परत सुरू झाला, तिथून तिला फोनही आला. ती म्हणाली, पोरीची शाळा फोनवर असते, तिच्याजवळ कोण बसेल? आणखी थोडे दिवस द्या. त्यांनी थोडे दिवस दिले, मग तिच्या जागी दुसरी घेतली. ते मला तिनं नंतर सांगितलं. तेव्हा सांगितलं असतं तरी मी काय केलं असतं? मान हलवली असती.

घरात फोनला रेंज नव्हती. रेंज यायची गावदेवीच्या देवळाच्या ओट्यावर. म्हणून ती लेकीला घेऊन तिथं बसायची. शाळेच्या बाई फोनवर धडा पाठवायच्या, सून तो मोठ्यानं ऐकवायची, मग लिहून घ्यायची, वहीचे फोटो काढून बाईंना पाठवायची. पहिल्यांदा शेजारच्या घरातलं एक पोर आलं, कारण त्यांचा फोन बाप कामावर घेऊन जायचा. मग त्याचा भाऊ आला. लावणी जवळ आली तशी आयांनी पोरं सरळ ओट्यावर आणून सोडायला सुरुवात केली. "वैनी, याला जरा बघा हां," म्हणायच्या आणि चिखलात जायच्या. सकाळपासून दुपारपर्यंत सून ओरडत असायची. तो आवाज आमच्या ओटीवर यायचा. "सात सक्कं किती? बेचाळीस नाय येत? मंग रात्री काय खाल्लंस रं?"

आता सावडीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडं भाताची लावणी सावडीनं होते. आज सगळ्या बायका तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. जेवढे दिवस मी तुझ्याकडं वाकले तेवढे दिवस तू माझ्याकडं वाकायचं. पैशाचा संबंध नाही. ज्याचं शेत त्याच्या घरची भाकरी दुपारी सगळ्यांनी बांधावर बसून खायची, एवढीच मजुरी. पूर्वी आमच्या घरातून मी जायची, आमचे हे जायचे. त्या वर्षी कोणीच गेलं नाही. मी ओटीवर, सून ओट्यावर.

माझी धाकटी जाऊ, म्हणजे ह्यांच्या चुलतभावाची बायको, सावडीचे दिवस तीच ठरवते. तोंडानं फटकळ. एका संध्याकाळी ती अंगणात उभी राहून सुनेला म्हणाली, "तुमचा दिवस मी धरला नाय हां यंदा. तुमच्याकडनं कुनी आलंच नाय, तर बायकांना काय सांगू?"

सून भांडी घासत होती. म्हणाली, "काकी, तुमचा नातू रोज माझ्याजवळ असतो. म्हनून तुमची सून लावनीला येते. हाय का नाय?"

"अगं, सावलीत बसायचं ते. कंबर मोडते का त्यानं?"

"तुमी बसा एक दिवस."

"मला त्यो फोन चालवता आला असता तर बसले असते की!"

"मंग?"

"मंग काय मंग? सावड म्हंजे हाताला हात. ओट्यावर बसून कुनाचं भात लागतं गं?"

सुनेनं राख लावलेलं पातेलं तसंच खाली ठेवलं. "नसेल धरायचं तर नका धरू. पन दिवस फुकट गेले म्हनू नका."

जाऊ माझ्याकडं वळली. "बाय, तूच सांग हिला."

मला दोघींचं म्हणणं ऐकू आलं होतं, पण ते लांबच्या गावातलं भांडण असावं तसं वाटलं. जाऊ निघून गेली.

राबातलं, म्हणजे भाजून केलेल्या वाफ्यात पेरलेलं रोप वाढत होतं. रोपाला वेळेवर उपटून लावावं लागतं, नाहीतर ते जून होतं, पेरं धरतं, मग लावलं तरी फुटवा येत नाही. मुलानं मजूर बघितले, तर ते फार्महाऊसवाल्यांनी आधीच धरलेले. चिखलणी करून घेतली, पुढं कोण? सून ओट्यावरून आली की एकटीच खाचरात उतरायची. एकटीनं किती होणार? रोपाचे शेंडे पिवळे पडायला लागले, आणि हे खाचर पडीक राहणार असं मुलगा जवळजवळ धरून चालला.

मग एका शनिवारी जावेचा नातू ओट्यावरून घरी जाताना अंगणात थांबून म्हणाला, "आज्जीनं सांगितलंय, उद्या सगळ्या बायका तुमच्याकडं येनार हायत लावनीला."

सुनेनं त्याला दोनदा म्हणायला लावलं. मग ती हसली. तिला हसताना मी किती दिवसांनी बघत होते. तिनं वाल भिजत घातले. रविवारी, शाळा नव्हती, तिनं पहाटेच उठून भाकऱ्यांची चळत रचली, वालाचं बिरडं केलं, सुक्या बोंबलाची चटणी केली. म्हणाली, "आई, आज तुमी पन चला. बांधावर बसा नुसत्या."

मी गेले. छत्री धरून बांधावर बसले. बायका आल्या, गुडघ्याच्या वर लुगडी खोचलेल्या, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी. आल्या आल्या त्यांनी हातातली गाठोडी ऐनाच्या झाडाच्या फांदीला अडकवली आणि एकेक माझ्याजवळ येऊन डोळ्यांना पदर लावून गेली. जाऊ तर माझे दोन्ही हात धरून उभीच राहिली. मला वाटलं, पावसाचं पाणी पुसत असतील. रोपाच्या मुठी वाटल्या गेल्या आणि लावणी सुरू झाली. एरवी लावणीत केवढा दंगा असतो! त्या दिवशी सगळ्या मुक्यानं लावत होत्या. सुनेच्या ध्यानात आलं नाही, ती पुढं पुढं पळत मुठी टाकत होती.

दुपारी सगळ्या वर आल्या, हातपाय धुतले. सुनेनं भाकऱ्यांची पाटी उघडली, पानं मांडायला घेतली. तोवर बायकांनी झाडावरची गाठोडी काढली. फडक्यांत भाकऱ्या. एकीनं दोन भाकऱ्या आणि पिठल्याचा डबा माझ्या मांडीशी आणून ठेवला.

सून हातात पान घेऊन तशीच उभी. "हे काय, काकी?"

"तुझ्या सासऱ्याच्या वक्ताला आमाला येता आलं नाय," जाऊ म्हणाली. "दारातून पन बगता आलं नाय. बाय एकटीच बसलेली असायची, आमी रस्त्यानं जायचो खाली मान घालून. म्हटलं, आता तरी जाऊ. शेत लावू, तिच्याजवळ बसू, घास घालू."

"म्हंजे तुमी दुखवट्याला आलात."

"मंग कशाला?"

"सावडीला नाय."

"अगं, आता कुठं ते..."

"दुखवट्याला आलात, तुमचे लई उपकार," सून म्हणाली. "पन मंग माझे दिवस कुठं गेले? तुमच्या सगळ्यांची पोरं धरली ते? तुमी हितं खाल्लं नाय तर ते कुठंच नाय लागले."

मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. घरात थोरली मी. दुःख माझं होतं, आणि शेतही माझंच.

जावेचे डोळे लाल झालेले होते. ती खरंच रडायला आली होती हे मला तेव्हा दिसलं. मी चार महिने ओटीवर बसून ह्याच बायकांची वाट बघत होते हेही मला तेव्हाच कळलं. ती माझ्या शेजारी बसली असती तर कदाचित मला रडू आलं असतं. नक्की सांगता येत नाही. आतमधी सगळं थिजलेलं होतं.

मी उठले. गुडघे धरून उठावं लागलं. एकेकीच्या हातातलं फडकं घेतलं, गाठ मारली आणि परत फांदीला अडकवलं. जावेनं आपलं सोडलं नाही. मी ओढलं.

"बाय, आगं..."

"घरी ने," म्हटलं. "संध्याकाळी खा. आता हिच्या हातचं खायचं. सावडीचं शेत हाय."

माझाच आवाज मला अनोळखी वाटला, इतके दिवस वापरलाच नव्हता.

मग जाऊ पायावरचा चिखल खरवडत खाली बसली आणि सुनेला म्हणाली, "वाढ. बिरडं पांचट केलं असशील तर सावड मोडली म्हन."

"खाऊन तर बगा."

"आनि उद्या माझ्याकडं लावनी हाय. तू ओट्यावरच बसनार का गं?"

"बसनार. तुमच्या नातवाला पाढे येईस्तोवर."

"मंग जलम जाईल तुझा तिथंच!"

बायका हसल्या. एक हसली तशा सगळ्या हसल्या, आणि लावणीत असतो तो दंगा सुरू झाला. कुणीतरी बिरड्यात मीठ कमी म्हणालं, कुणीतरी तिसऱ्यांदा मागितलं. मी खाल्लं. चव लागली नाही, पण भाकरी पूर्ण खाल्ली. दिवस मावळायच्या आत खाचर लागून झालं. जाताना बायकांनी आपापली गाठोडी काढून नेली.

रात्री सून भांडी आवरताना म्हणाली, "आई, तुमी ते माझ्यासाठी केलंत का शेतासाठी?"

मी म्हटलं, "ठाऊक नाय."

नातीला मी सांगितलं, "हो म्हन. मोबदला द्यायलाच पायजे होता." तिनं विचारलं, कोणी द्यायचा? म्हटलं, "ज्याची पोरं त्यानं, आनि ज्याची शाळा त्यानं पन." ती लिहून घेत होती. दुसरी मुलगी विचारेल, तो कुणाच्या वाटणीचं काढून द्यायचा, तर काय सांगायचं ते मी तिला सांगितलं नाही.

त्या वर्षी भात बेताचंच झालं, रोप जून झालं होतं ना. सुनेचे दिवस मात्र सावडीत धरले गेले, आणि पुढच्या वर्षी शाळा उघडल्यावरही कुणी ते विसरलं नाही.

माझ्याकडं दुखवट्याला त्यानंतर कोणी आलं नाही. येणार कसं? आल्या होत्या त्यांना मीच सावडीचं जेवायला घालून परत पाठवलं.