चाकं थांबली ती वेळ

एवाल्ड डिपेलबद्दल लिहायला माझ्यापेक्षा बरा माणूस मिळाला असता. पण बरी माणसं त्याला टाळतात, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. फ्रीडबर्गला रेल्वेरुळांच्या मागे आमच्या भाड्याच्या बागा आहेत. त्याची एकोणीस नंबरची, माझी वीस. सव्वीस वर्षांचे शेजारी आम्ही, तरी एकमेकांना अजून अहो-जाहोच करतो.

रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये त्याने एकेचाळीस वर्षं काढली. आलेल्या प्रत्येक गाडीची वेळ वहीत लिहायची, हे काम. मी टपालखात्यात शिक्के मारायचो, पण निवृत्त होताना शिक्का घरी आणला नाही. डिपेलने वहीची सवय घरी आणली. बेकरीतली रांग किती मिनिटांची, पाद्रीबुवांचं प्रवचन किती लांबलं, सगळं टिपलेलं. रविवारी दुपारी तीनपर्यंत आवाज करायचा नाही, असा आमच्या बागांचा नियम. एकदा तीनला दोन मिनिटं कमी असताना मी गवत कापायचं यंत्र सुरू केलं. तो कुंपणापाशी आला आणि त्याने घड्याळ माझ्यापुढे धरलं. मी यंत्र बंद करून दोन मिनिटं तसाच उभा राहिलो. त्याच्याशी भांडायची माझ्यात धमक नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये तो आणि त्याची बायको गेरलिंडे शिकागोला निघाले. मुलगी ऊटे तिथून दोन तासांवर राहते. मार्लेने नावाची नात त्या संध्याकाळी सहा वाजता शाळेत पहिल्यांदा लोकांपुढे चेलो वाजवणार होती. विमान बारा पस्तीसला पोचायचं होतं. ते फ्रँकफर्टलाच चार तास अडकून पडलं. नात वाजवून मोकळी झाली, टाळ्या झाल्या, आणि आजी तेव्हा हमरस्त्यावर गाडीत बसून होती.

परत आल्यावर गेरलिंडेने एकच धरून ठेवलं. पुढच्या मार्चमध्ये मार्लेने पुन्हा वाजवणार आहे, तेव्हा जायचं. डिपेल म्हणाला, "त्या कंपनीला माझ्या पेन्शनमधला एक सेंट मिळणार नाही. तिकिटं कंपनीच्याच पैशांतून." युरोपच्या नियमाप्रमाणे एवढ्या लांबच्या विमानाला चार तासांहून जास्त उशीर झाला, तर माणशी सहाशे युरो मिळतात. तीन ते चार तासांत असेल, तर कंपनी निम्मे देऊन सुटते. सहाशेत त्या दिवसांत जाऊन-येऊन एक तिकीट निघत होतं. म्हणजे दोघांचे पूर्ण मिळाले, तरच दोघं जाणार.

डिपेलने नवी फाइल आणली आणि कंपनीला पत्र लिहिलं. आमच्याकडे घरातली कागदपत्रं नवरा करतो. बायकोने जिथे बोट दाखवलं जाईल तिथे सही करायची.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं: खराब हवामान, कंपनीचा नाइलाज. असलं उत्तर लिहायला पगारी माणसं ठेवतात, आणि त्यांना खिडकी नसावी. डिपेलच्या वहीत त्या दिवसाची नोंद होती: "ऊन. वारा नाही. शेजारच्या गेटांवरून अकरा विमानं सुटली." त्याने ती पाठवली. मग कंपनीने तिच्याच विमानांत वापरायची कुपनं देऊ केली. ज्याच्याकडे जेवून पोट बिघडलं, त्यानेच पुढच्या जेवणाचं आमंत्रण द्यावं, तसं. डिपेलने कुपनं परत पाठवली. तेव्हा तिसरं पत्र आलं: उशीर मान्य, पण तो तीन तास चोपन्न मिनिटांचा, सबब माणशी तीनशे. या लोकांना विमान वेळेवर आणता येत नाही, पण उशीर बरोबर चार तासांच्या सहा मिनिटं अलीकडे आणून ठेवता येतो.

प्रकरण लवाद मंडळाकडे गेलं. त्यांच्या बाईंनी साधं पत्र लिहिलं: विमान पोचलं असं कायद्याने केव्हा म्हणायचं, तर दार उघडून माणसांना बाहेर पडता येतं तेव्हा. दार किती वाजता उघडलं, ते कळवा.

त्या शनिवारी गेरलिंडे माझ्या कुंपणापाशी आली. हातात आळूबुखारच्या केकचा तुकडा होता, म्हणजे काम होतं.

"अहो क्नाप, तुम्ही त्याला सांगा. माझं तो ऐकत नाही."

"काय सांगू?"

"चार एकोणतीसला विमान थांबलं. मग बाहेर पडायचा बोगदा काही केल्या विमानाला चिकटेना. बारा मिनिटं आम्ही दारात पिशव्या घेऊन उभे. चार एक्केचाळीसला दार उघडलं. म्हणजे चार तास सहा मिनिटं."

"मग तसं लिहा की."

"तो चार एकोणतीसच लिहितोय."

एवढ्यात डिपेल टोमॅटोच्या काठ्या घेऊन आला. आमचं बोलणं त्याने ऐकलं होतं.

"शेजारी, गाडी पोचते केव्हा?"

मी म्हणालो, "माणसं उतरतात तेव्हा, बहुधा."

"म्हणून तुम्ही टपालात होतात. गाडी थांबली की पोचली. चाकं थांबली ती वेळ. दारं कुणी उघडली, कुणी अडकला, कुणाची पेटी विसरली, ते वहीत येत नाही."

"अरे, ही रेल्वे नाहीये," गेरलिंडे म्हणाली.

"चाकं आहेत ना?"

"एवाल्ड, कायदाच म्हणतो दार. तुला कुणी खोटं लिहायला सांगत नाहीये."

"कायदा काल आला. मी एकेचाळीस वर्षं चाकांची वेळ लिहिली. आज दाराची लिहिली, तर ती सगळी पानं चुकीची."

"ती पानं रद्दीत गेली रे. तुझ्यानंतर आलेल्या पोराने सांगितलं होतं."

यावर तो काठ्या रोवायला लागला. मी केक खाल्ला. तेव्हा 'दोन्ही वेळा लिहा' एवढं एक वाक्य मी बोलू शकलो असतो, ते आजही मला पाठ आहे.

त्याने मंडळाला उत्तर लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. आवाज असा, जणू शपथविधी चाललाय. "दार उघडल्याची वेळ मी नोंदलेली नाही, कारण ती पोचण्याची वेळ नव्हे. पोचण्याची वेळ सोळा एकोणतीस." कंपनीच्या वकिलांना एवढा सोयीचा फिर्यादी जन्मात मिळाला नसेल. ज्या माणसाने त्यांचं हवामान खोटं पाडलं, कुपनं फेकून दिली, त्यानेच शेवटी त्यांची सहा मिनिटं त्यांच्या पदरात घातली. तीही फुकट, वर टपालाचं तिकीट स्वतः लावून. याला तो सचोटी म्हणतो. मला वाटतं, सचोटीला एवढं भांडवल लागत नाही. हा नुसता हेका होता आणि त्याने युनिफॉर्म घातला होता.

पत्राखाली दोघांच्या सह्या हव्या होत्या. डिपेलने बोट ठेवलं. गेरलिंडे चष्मा शोधायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. शेवटी तिथूनच म्हणाली, "तुझं तू पाठव. माझं मी बघते."

"तुझं वेगळं काय आहे?"

"माझं तिकीट वेगळं होतं. सीट वेगळी होती. खिडकीजवळची तू घेतलीस."

सोमवारी तिने स्टेशनरीच्या दुकानातून स्वतःसाठी एक फाइल आणली, पिवळी. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारातली तिची पहिली. मंडळाच्या बाईंना तिने फोन केला. बाई म्हणाल्या, प्रत्येक प्रवाशाचा हक्क स्वतंत्र असतो. पुरावा काय आहे? गेरलिंडेने मोबाइल काढला. विमानात उभी असताना तिने ऊटेला एक फोटो पाठवला होता: बंद दार, त्याच्यासमोर टोपी घालून मनगटाकडे बघणारा डिपेल. खाली लिहिलेलं: "अजून कोंडलेले आहोत. बाबा खूश, त्यांना काहीतरी मोजायला मिळालंय." वेळ चार अडतीस. चार तास उलटून गेल्यावर तीन मिनिटांनीही दार बंदच होतं, याला आणखी साक्षीदार कशाला हवा?

नाताळच्या आधी दोन पत्रं आली, एकाच दिवशी, एकाच पेटीत. तिला सहाशे. त्याला तीनशे, "अर्जदाराने स्वतः नोंदवलेल्या वेळेनुसार."

मला वाटलं, आता तरी तो वरचे तीनशे घालेल. बँकेत त्याचे पैसे पडून आहेत, ते सगळ्या कॉलनीला माहीत आहे. गेरलिंडेनेही एकदाच विचारलं, माझ्यासमोर. "येतोस का? वरचे मी माझ्या साठवलेल्या पैशांतून घालते."

"कंपनी मला जेवढं देणं लागत होती, तेवढं तिने दिलं. त्याच्या पलीकडे मी तिला काही देणार नाही. तुझंही नाही."

"मार्लेनेला काय सांगू?"

"सांग, आजोबांना जमलं नाही."

"जमलं नाही असं नाही सांगणार मी तिला," गेरलिंडे म्हणाली, आणि भांडी घासायला लागली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती एकटी गेली. विमान वेळेवर पोचलं. ऊटेने रेकॉर्डिंग पाठवलं, ते डिपेलने मला दाखवलं. मार्लेने वाजवत होती, बरी वाजवत होती, मला संगीतातलं फारसं कळत नाही. पहिल्या रांगेत गेरलिंडे निळ्या कोटात. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि त्यावर तिने पर्स ठेवली होती.

डिपेलने दोनदा पाहिलं. मग म्हणाला, "माझं बरोबर होतं, शेजारी. म्हणूनच मला तीनशे मिळाले."

फोन खिशात घालून त्याने विचारलं, बटाटे किती मिनिटं उकडायचे.

"सुरी आत गेली की झाले," मी म्हणालो.

"मिनिटं सांगा."

मी म्हणालो, "ते गेरलिंडेला विचारा." सव्वीस वर्षांत त्याला उलटून बोललो ते एवढंच. तेही कुंपणाच्या या बाजूने.