श्री. की कै.?

देहूरोडच्या बाजारात, लष्कराच्या डेपोकडं जाणाऱ्या रस्त्यावर, एक लहानसा छापखाना होता. माझ्या लग्नाची पत्रिका पसंत करायला आई, मामा आणि मी तिथं गेलो. मालक वयस्कर मुसलमान गृहस्थ होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी नमुन्यांचा गठ्ठा आमच्यासमोर टाकला.

मामाला पातळ पिवळा कागद पुरेसा वाटत होता. "वाचून झाली की लोक खिडकीत खोचतात. त्याला सोनेरी कड कशाला?" तो म्हणाला. आईचा हात मात्र गुलाबी जाड कार्डावरून हलेना. त्याला कलशाच्या आकाराची खिडकी कापलेली होती आणि आत गणपती. किंमत ऐकल्यावर तिनं ते गठ्ठ्यात सर्वांत खाली सरकवलं आणि पुन्हा वर काढलं. शेवटी मीच साधं पांढरं कार्ड निवडलं, वर लाल शाईतला गणपती, बाकी काही नाही. मला ते खरंच आवडलं होतं, पण आईला वाटलं मी काटकसर करतेय, म्हणून ती खट्टू झाली.

चाचांनी कानावरची पेन्सिल काढली आणि मजकूर उतरवून घ्यायला लागले. मुलीच्या वडिलांचं नाव विचारलं. मामानं सांगितलं.

"श्री. लावू की कै.?"

त्यांची मान कागदावर होती. आईच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू त्यांनी बघितलंच नव्हतं. आईनं मामाकडं बघितलं. मग मामा घाईघाईनं म्हणाला, "श्री. श्री. लावा." आणि मग चाचांनी मान वर केली, आईकडं बघितलं आणि ओशाळून कानाच्या पाळीला हात लावला.

माझे वडील मी शाळेत होते तेव्हा निघून गेले होते. त्यांना कुणी पळवून नेलं नाही, अपघात झाला नाही. सकाळी डेपोत कामाला जातो म्हणून निघाले, वळकटी बरोबर घेऊन. दिवसपाळीच्या माणसाला वळकटी कशाला लागते, हे विचारायचं आईला सुचलं नाही. मनमाडला दिसले, सोलापूरला गिरणीत आहेत, असं लोक सांगत. मामा दोन्हीकडं जाऊन हात हलवत परत आला. आई चिंचवडच्या खोलीत मशीन घेऊन बसली आणि लोकांचे परकर-पोलकी शिवायला लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, "कामासाठी भायेर असत्यात."

माझं स्थळ जमवताना मामानं हेच पुढं रेटलं. मुलगा तळेगाव स्टेशनवर तिकीट खिडकीवर होता. त्याच्या वडिलांना मामानं सांगितलं होतं, मुलीचे वडील परगावी नोकरीला आहेत, लग्नाला येतील. मला ते कळलं साखरपुडा झाल्यावर.

छापखान्यातून आल्यापासून मला स्वस्थता नव्हती. पिंपरीच्या औषधांच्या नव्या कारखान्यात मी बाटल्या खोक्यांत भरायचे. हात चालू असायचे आणि डोक्यात त्या एका अक्षरानं ठाण मांडलेलं. श्री. छापलं तर मांडवात सगळे त्यांना शोधणार. कै. छापलं तर आईचं कुंकू जाणार. नाव गाळलं तर लोक त्याहून वाईट काहीतरी धरून चालणार. एकदा मी एका खोक्यात रिकाम्याच बाटल्या भरल्या आणि देखरेखीवरच्या बाईंची बोलणी खाल्ली. रात्री जेवताना आईला म्हटलं, "लग्नच पुढं ढकलू या का?" ती भाकरी थापत राहिली.

कच्चा छापील मजकूर तपासायला आला तेव्हा आईनं तो उजेडात धरला. तिला वाचायला वेळ लागायचा. बोटानं एकेक शब्द करत ती वडिलांच्या नावापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

"ह्ये खोटं हाय," ती म्हणाली.

मामा तिथंच होता. "आक्का, मांडवात म्हणू, गाडी चुकली. लग्न लागल्यावर कोण काय करतंय?"

"पोरगी त्यांच्यात नांदायची हाय. एक दिस न्हाई, जलमभर. चल गं, पायात घाल."

तसेच आम्ही चिंचवड स्टेशनला गेलो आणि तळेगावची गाडी धरली. लग्नाआधी मी सासरच्या दारात जाणं बरं दिसणार नव्हतं, म्हणून आईनं मला फलाटावरच्या बाकावर बसवलं आणि एकटी गावात गेली. मी बसले, उठले, पाण्याच्या नळापर्यंत जाऊन आले, पुन्हा बसले. तो खिडकीवर असेल हे माहीत होतं, म्हणून त्या बाजूला पाठ केली होती. तरी त्यानं बघितलंच. गाडी गेल्यावर बाहेर आला.

"तुम्ही इथं? कुणी आजारी आहे का?"

त्याच्याशी मी पहिल्यांदाच बोलत होते. काय बोलावं ते ठरवलेलं नव्हतं. "माझे वडील परगावी नोकरीला नाहीत," मी म्हणाले. "ते आम्हाला सोडून गेलेत. कुठं आहेत, आहेत की नाहीत, आम्हाला माहीत नाही. आई तेच सांगायला तुमच्या घरी गेलीय."

त्यानं रुळांकडं बघितलं. मग म्हणाला, "तुम्हाला त्यांचा चेहरा आठवतो?"

असं मला कुणीच कधी विचारलं नव्हतं. "आठवतो," मी म्हणाले. आणि मग खरं ते सांगितलं, "थोडा थोडा."

तेवढ्यात खिडकीवर कुणीतरी हाका मारायला लागलं आणि त्याला जावं लागलं.

आई परतली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. "चहा दिला," ती म्हणाली. "म्हनले, विचार करून कळवतो."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. दारात सायकलची घंटा वाजली तरी आईचं मशीन थांबायचं. मामा आमच्याशी बोलत नव्हता. लग्न मोडलं तर आमच्यामुळं, असं त्यानं आईला बजावून ठेवलं होतं. चाचांचा निरोप आला, मजकुराचे जुळवलेले शिशाचे खिळे किती दिवस बांधून ठेवू? आईनं उलट निरोप धाडला, ठेवा.

एका रविवारी मुलाचे वडील स्वतः आले. उंबऱ्याशी चपला काढल्या, आत येऊन सतरंजीवर बसले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"बाई, तुमचे मालक गेले यात तुमचा काही दोष नाही. पण तुमच्या भावानं माझ्या घरात बसून मला फसवलं. त्याचा मला राग आहे, आणि तो जाणार नाही."

आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या राग. त्यो खराच हाय."

मामा भिंतीला टेकून उभा होता. तो पुढं झाला, त्यांच्या पायांपाशी वाकला. त्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही, पण पायही मागं घेतले नाहीत.

"मुलगा ऐकत नाही," ते शेवटी म्हणाले. "पत्रिकेचं काय करता? निमंत्रण कुणाच्या नावानं?"

मला वाटलं मामाचं नाव येणार. आई पदर सावरून म्हणाली, "माज्या."

"बाईमाणसाच्या नावानं?"

"माजं पुरं नाव घाला. सौ., मग मी, मग त्यांचं नाव, मग आडनाव. माज्या नावातच त्यांचं नाव हाय. त्यांच्याम्होरं न्यारं काय लावायची गरज न्हाई."

ते हसले नाहीत, पण त्यांनी पाण्याचा तांब्या मागितला.

पत्रिका तशीच निघाली. भावकीतल्या काहींनी नाकं मुरडली, एकानं तर ती परत पाठवली. कन्यादान मामा-मामींनी केलं.

मंगलाष्टकं चालू असताना मी मान खाली घालून उभं राहायला हवं होतं, पण माझी नजर सारखी मांडवाच्या तोंडाशी जात होती. पत्रिका कुठं कुठं गेल्या होत्या, मनमाडकडच्या कुणा नातेवाइकालाही गेली होती. एखादा उंच माणूस आत शिरला की मी टाचा उंचावून बघायचे. ते आले नाहीत. पुढंही कधी आले नाहीत, आणि त्यांची खबरही नाही.

निघताना मी आईच्या गळ्यात पडले आणि तिच्या कानाशी म्हटलं, "मी सारखी बघत होते गं."

"दिसलं मला," ती म्हणाली. "मी न्हाई बघितलं. मला पंगत वाढायची हुती."

तिच्या हाताला अजून बुंदीचा वास येत होता. ती खरं बोलली की मला सावरायला म्हणाली, हे मी तिला नंतर खूपदा विचारणार होते. तळेगावहून माहेरी येताना गाडीत ठरवूनही यायचे. पण घरी पोचले की ती मशीनवर बसलेली असायची, पायाखालचं चाक न थांबवता म्हणायची, "आलीस? बस, येवढी शिवन संपू दे," आणि ते तसंच राहायचं.