सिस्टरची जीप आणि गाथोगो मिस्त्री

आमच्या गाथोगो मिस्त्रींनी आयुष्यात "माझं चुकलं" असं एकदाच म्हटलं. तेही मला नाही, सरकारी साहेबाला. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी अजून वाट बघतेय.

एरवी आमच्या मरालाल गावात कुठलीही गाडी बिघडली की चूक रस्त्याची असते, नाहीतर पार्टची, नाहीतर आधीच्या मिस्त्रीची. एकदा यांनी एका मास्तरांच्या गाडीच्या दाराची कडी उलटी बसवली. मास्तर तक्रार घेऊन आले तर म्हणाले, "कडी बरोबर आहे मास्तर, तुम्ही डावरे आहात." मास्तर बिचारे दोन दिवस डाव्या हाताने लिहून बघत होते. असा हा माणूस. त्याच्या गॅरेजच्या दारातच माझं चहा-चपातीचं दुकान, त्यामुळे सगळं मला ऐकावं लागतं.

आमचं गाव डोंगराच्या अंगावर वसलेलं. इथे स्टार्टरने गाडी सुरू करणं म्हणजे चैन. गाडी लावायची ती नाक उताराकडे करून, सकाळी चार जणांनी ढकलायची, दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, की झाली सुरू. माझी गिऱ्हाईकं हातातला चहा ठेवून ढकलायला जातात, गुरं राखणारी सांबुरू पोरं भाले भिंतीला टेकवून जातात. आमच्या यांनी तर हे शास्त्रच करून टाकलं होतं. "स्टार्टर म्हणजे बिघडणारी आणखी एक वस्तू. देवाने उतार कशाला दिलाय?" असं म्हणून अर्ध्या गावाच्या गाड्यांचे स्टार्टर यांनी काढून टाकले होते. सिस्टर नासिएकूच्या जीपचा तर अकरा वर्षांपूर्वीच काढला.

सिस्टर म्हणजे आमच्याकडचा फिरता दवाखाना. एक नर्स, एक जीप, लसींची एक थंड पेटी. वाड्या-वस्त्यांवर जाऊन पोरांना सुया टोचायच्या, बायकांची बाळंतपणं करायची. माझी लेक न्योकाबी तिच्याच हातावर जन्मली. गेल्या वर्षी कोरड्या नदीत पाय घसरून सिस्टरचा डावा गुडघा मोडला. हाड जुळलं, पण गुडघा वाकेना. क्लच दाबायचा कसा? जिल्ह्याच्या कचेरीतून निरोप आला की शुक्रवारी ओग्वेनो साहेब येतील. सिस्टरने स्वतः जीप चालवून दाखवली तर ठीक, नाहीतर जीप कचेरीत जमा आणि सिस्टरला गावातल्या दवाखान्यात टेबल.

"टेबल!" माझ्या बाकावर बसून ती म्हणाली. "मी टेबलामागे बसून काय करू गं? दिवस भरलेली बाई चाळीस मैल चालत टेबलाकडे येणार आहे का?" आणि ती रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदाच बघितलं. मग गॅरेजकडे तोंड करून ओरडली, "मिस्त्री, क्लच काढून टाका!"

"क्लच काढला तर गिअर कसे पडतील, सिस्टर?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मला एका पायाची गाडी हवी."

झालं. यांच्या अंगात आलं. जपानहून आलेली एक जुनी ऑटोमॅटिक पिकअप रुमुरुतीच्या रस्त्यावर उलटून पडली होती. तिचा गिअरबॉक्स हे गाढवावर लादून घेऊन आले. इंजीन दोघांचं एकाच जातीचं, त्यामुळे गिअरबॉक्स पुढून झक्क बसला. मागून बसेना. पिकअप फक्त मागच्या चाकांवर चालणारी. आमच्या जीपला गिअरबॉक्सच्या पाठीमागे ट्रान्सफर केस, म्हणजे चारी चाकांना ताकद वाटून देणारी पेटी. दोघांच्या तोंडाची भोकं जुळत नव्हती, शाफ्टचे दातेही वेगळे. थोडक्यात, नवरा-बायको एका घरात, पण बोलणं बंद.

यांनी ठरवलं की मध्ये अॅल्युमिनियमची जाड चकती ओतायची आणि दोन शाफ्ट जोडायला पोलादी नळी करायची. जुने पिस्टन वितळवले. कमी पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं चहाचं मोठं पातेलं गायब!

"अहो न्योकाबीचे बाबा, माझं पातेलं कुठंय?"

"सिस्टरच्या जीपमध्ये."

"तिथे काय चहा करणार आहे ती?"

"पातेलं नाही गं राहिलं आता. चकती झालीय." आणि वर तोंड करून विचारतात कसे, "चांगल्या कामाला गेलं, नाही?"

मी तीन दिवस यांच्याशी बोलले नाही. यांच्या लक्षातही आलं नाही, इतके कामात बुडालेले. चर्चच्या मिशनमधल्या लेथ यंत्रावर चकती घासून आणली. नळी एका बाजूने गिअरबॉक्सच्या दात्यांत, दुसऱ्या बाजूने ट्रान्सफर केसच्या. केसभर जरी तिरकी बसली तर धावताना सगळं फोडून टाकेल. जीपखाली उताणं पडून हे हाताने शाफ्ट फिरवायचे, फटीत सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद सरकवायचे, पुन्हा काढायचे, पुन्हा घट्ट करायचे. असं शंभर वेळा. गिअरबॉक्स लांब निघाला म्हणून पुढचा शाफ्ट वाढवला, मागचा कापला. मी वरून शिव्या घालत चपात्या द्यायची आणि हे खालूनच खायचे. काम मात्र नजर लागावी असं झालं होतं, हे मी रागातसुद्धा कबूल करते.

बुधवारी दुपारी शेवटचा बोल्ट आवळला. "उद्या ढकलून सुरू करू," असं हे म्हणतायत तोवर दारात सरकारी पिकअप थांबली. ओग्वेनो साहेब दोन दिवस आधीच आले होते.

"चला सिस्टर, दाखवा चालवून," साहेब म्हणाले.

सिस्टरने काठी आत टाकली, स्टिअरिंगवर बसली. गिऱ्हाईकं सवयीने उठली, भाले भिंतीला टेकले. आमच्या यांनी गिअरचा दांडा ओढून दिला आणि ऐटीत हात हलवला. "ढकला!"

ढकलली. जीप निघाली, उतारावर वेग घेतला, बाजार ओलांडला, कसायाचं दुकान ओलांडलं, आणि गुपचूप जाऊन खालच्या फुटबॉलच्या मैदानात उभी राहिली. इंजीन ठसकलंसुद्धा नाही. दोन बैल लावून वर आणली. पुन्हा ढकलली. पुन्हा मैदान. बाजारातल्या बायका हसून हसून लोळायला लागल्या. "मिस्त्री, गाडी केलीत की घसरगुंडी?"

तिसऱ्यांदा जीप वर आली तेव्हा साहेबांनी वही उघडली होती. सिस्टर समोर बघत होती, ओठ दाबून. आणि आमचे हे एकदम मटकन जमिनीवर बसले. मला वाटलं, चक्कर आली.

"ढकलून ही सुरूच होणार नाही," हे म्हणाले. "क्लच असला तर चाकं इंजीन फिरवतात. इथे मध्ये नुसतं तेल आहे. इंजीन फिरल्याशिवाय त्या तेलाला जोर येत नाही, आणि जोर नसला तर चाकं फिरलेली इंजिनाला कळतच नाही. हिला स्टार्टरच पाहिजे." हे उठले, साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. "साहेब, माझं चुकलं. स्टार्टर मी काढला होता. गाडी चांगली आहे, सिस्टर चांगली आहे. लिहायचं तर माझं नाव लिहा."

माझी तव्यावरची चपाती करपली, पण मी हलले नाही.

साहेबांनी पेन थांबवलं. "मग आता स्टार्टर कुठून आणणार?"

यांनी साहेबांच्या पिकअपकडे बघितलं. साहेबांनी यांच्याकडे बघितलं. "एकाच कंपनीचं इंजीन आहे, साहेब," हे हळूच म्हणाले. "वीस मिनिटं द्या."

"अहो, काहीतरीच काय!" साहेब म्हणाले. पण तेवढ्यात मी त्यांच्या हातात चहा दिला, वर तेलात तळलेली गरम, गोड मांदाझी दिली, आणि समोर ठाण मांडून न्योकाबीच्या जन्माची गोष्ट सुरू केली, ती मुद्दाम लांबवली. मांदाझी तोंडात असताना माणसाला नाही म्हणता येत नाही. गोष्ट संपेपर्यंत स्टार्टर इकडून तिकडे गेला होता. बॅटरी लसींच्या पेटीसाठी ठेवलेली, ती ठणठणीत होती.

सिस्टरने किल्ली फिरवली. जीप गुरगुरली. साहेबांना शेजारी बसवून ती चर्चच्या वरचा दगडांचा चढ चढली. चारी चाकं, एकच पाय. परत आली तेव्हा साहेबांचे केस उभे होते आणि सही झालेली होती.

जाता जाता साहेबांनी वहीत बघून विचारलं, "सिस्टर, एक राहिलं. खाली माळावरच्या लोलमुगीच्या वस्त्यांवर तुम्ही अकरा वर्षांत एकदाही गेला नाहीत. का?"

"तिथे उतार नाही, साहेब," सिस्टर म्हणाली. "गाडी बंद केली तर ढकलायला माणसं पुरत नाहीत. आणि चालू ठेवून बाळंतपण होत नाही."

हे हातातला पाना पुसत उभे होते, पुसतच राहिले. उतार कशाला दिलाय म्हणणारे हेच. आणि आम्ही सगळे हसत ढकलणारे. लोलमुगीच्या बायका आमच्यापैकी कुणाच्या मनातसुद्धा आल्या नव्हत्या. मला माझ्या पातेल्यावरच्या रुसव्याची लाज वाटली.

"साहेब, स्टार्टर परत काढून देतो," हे शेवटी म्हणाले.

"राहू दे. दुसरा येईपर्यंत मला ढकला," साहेब म्हणाले आणि पिकअपमध्ये बसले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सिस्टर लोलमुगीला गेली. हे सोबत गेले, गाडी अडलीच तर म्हणून. तिथे एका काटेरी झाडाखाली सिस्टरने जीप बंद केली, आणि यांना म्हणाली, "मिस्त्री, उतरा. बायका तुमच्यासमोर बोलायच्या नाहीत." हे दिवसभर लांब उन्हात बसून राहिले. घरी येऊन मला म्हणाले, एकेक करत त्रेचाळीस बायका आल्या. मोजत होते बसून.