डिकीच्या कुलपातलं खोबरेल

माझ्या मोठ्या बहिणीच्या गाडीला तीन चाकं आहेत. मूळची स्कूटरच, पण मागचं एक चाक काढून तिथे दोन बसवलेली, आणि सीटच्या मागे पत्र्याची डिकी. लहानपणी पोलिओनं ताईचे पाय गेले, ती कुबड्यांवर चालते. गाडी चालवताना त्या कुबड्या डिकीत असतात. कुठे पोचली की सीटवर बसल्या बसल्या कंबर वळवायची, डिकीचं कुलूप उघडायचं, कुबड्या काढायच्या आणि मगच खाली उतरायचं. डिकी उघडली नाही तर ताई गाडीवरून उतरू शकत नाही.

म्हणून त्या कुलपाची तिनं फार बडदास्त ठेवली होती. दर रविवारी अंगणात बसून ती किल्लीवर पेन्सिल घासायची. दोन्ही बाजूंनी किल्ली काळी झाली की कुलपात घालून चार वेळा फिरवायची. झालं, आठवडाभर कुलूप सैल. मी तिला चिडवायचो, कुलपाला शाळेत घालते आहेस का म्हणून. ती म्हणायची, "हास. तुले तुया कारमधी हवा भरणं जमत नाही, अन् मले शिकवून राहिला."

ताई नोकरीतून निवृत्त झाली आहे आणि शंकर नगरात आमच्यासोबत राहते. पण घरात सापडेल तर शपथ. आज भाजी, उद्या कुणाच्या नातवाचं बारसं, परवा नुसतंच "येते जरा फिरून". माझी बायको शाळेत शिकवते, मी ऑफिसात, आणि घरी राहायला हवी ती व्यक्ती रस्त्यावर. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. मनात मात्र पुष्कळदा आलं, आणि ते इथे सांगणं भाग आहे.

दसऱ्याला आमच्या घरी लोखंडाची पूजा होते. वडील रेल्वेत होते, त्यांच्यापासूनची रीत. विळी, अडकित्ता, पान्हे, सायकल, सगळं धुऊन पुसून, तेलाचं बोट लावून, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. वडिलांकडे लांब चोचीची तेलाची डबी होती, मशीनचं पातळ तेल असायचं तिच्यात. ती डबी गेली कुठल्या तरी बदलीत. गेल्या दसऱ्याला मी ताईची गाडी धुतली, हार घातला आणि इकडेतिकडे पाहिलं तर हाताशी खोबरेलची बाटली. ताई आत फुलं ओवत होती. तिनं आधीच बजावलं होतं, "डिकीच्या कुलपाले काही करू नको, मी पेन्सिल लावली आहे." पण घरातला कर्ता पुरुष मी. बहिणीच्या गाडीचं कुलूप कोरडं ठेवून दसरा कसा करायचा? थेंबानं काय होतं म्हणून मी धारच धरली. किल्ली अशी सुळकन फिरली की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. ताईला सांगितलं नाही. उगाच बोलणी कोण खाणार.

दिवाळी बरी गेली. मग थंडी पडली.

एका सकाळी ताई फाटकापाशी गाडीवर बसून हात चोळत होती, कुबड्या डिकीत ठेवायच्या तशाच राहिलेल्या. "किल्ली फिरत नाही रे. बोटात जोरच नाही येऊन राहिला." मी गेलो, दात-ओठ खाऊन किल्ली पिळली, कुलूप उघडलं. ती माझ्या हाताकडे पाहत राहिली. पुढे हे रोजचंच झालं. दुपारी तिची ती उघडायची, सकाळी मात्र माझ्याशिवाय उघडेना. तिनं त्याचा अर्थ लावला तो असा: सकाळी हात आखडतात, दुपारी उन्हानं जरा मोकळे होतात. तिच्या ओळखीच्या एका बाईंनी तिला कधीतरी सांगितलं होतं की पोलिओ झालेल्यांचं उतारवयात उरलेलंही बळ जातं, पाय गेलेल्यांचे हातही जातात. ते तिच्या डोक्यात बसलेलं होतं. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणाली, "तो का सांगणार? मले माहीत नाही का माहे हात?"

माझ्या मुलीचा एक रबरी बॉल आहे. रोज संध्याकाळी टीव्हीसमोर ताई तो दाबत बसू लागली. आधी उजव्या हातात, मग डाव्या. ओठ घट्ट मिटलेले. मुलगी तिच्या शाळेतल्या हिंदीत विचारायची, "बुआ, क्या कर रही हो?" ताई म्हणायची, "खेळून राहिली, पोट्टे."

आणि मग ती सकाळ. मी दाढी करत होतो. बायकोनं खोबरेलची बाटली गरम पाण्याच्या मगात आणून उभी केली. तेलाचा थिजून पांढरा दगड झाला होता. ब्रश माझ्या गालावरच थांबला. बाटलीत थिजतं ते कुलपात थिजणार नाही? वर या गावची काळी धूळ, जी आपल्या नाकात जाते ती कुलपात नाही जाणार? सकाळी घट्ट, दुपारी सैल. ताईचे हात नव्हते आखडत. माझं तेल आखडत होतं.

तोंडाला फेस तसाच ठेवून बाहेर पळत जायला हवं होतं. ओरडून सांगायला हवं होतं. मी चेहरा धुतला आणि ऑफिसला गेलो.

का? पहिल्या दिवशी लाज वाटली म्हणून. दुसऱ्या दिवशी, काल सांगितलं नाही हे कसं सांगू म्हणून. आणि तिसरं कारण बोलायला जीभ रेटत नाही. त्याच आठवड्यात ताई जेवताना म्हणाली, "गाडी देऊन टाकते म्हणते मी. हात असे झाले, रस्त्यात काही झालं तर." अभनपुरला तिच्या मैत्रिणीची मुलगी आहे, तीही कुबड्यांवर, नुकतीच शाळेत नोकरीला लागलेली. तिला द्यायची. ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. आता ताई घरी राहील. ट्रकांच्या गर्दीत तिची काळजी नको. मुलगी शाळेतून आली की दार उघडायला माणूस असेल. मी मूग गिळून वरणभात जेवलो. स्वतःची एवढी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती, आणि तरी मी दुसऱ्यांदा भात घेतला.

गाडी द्यायच्या आधीच्या शनिवारी ताई म्हणाली, "सदर बाजारात चाल मायासंग. पोरीले किल्लीसाठी चांदीचा छल्ला घेते. अन् डिकी उघडाले तू लागशीलच." सकाळची वेळ, गार वारा. घरून निघताना मीच कशीबशी डिकी उघडून कुबड्या आत ठेवल्या. ती चालवत होती, मी मागे डिकीला पाठ टेकून. तिनं सराफाच्या दुकानासमोर गाडी लावली आणि किल्ली माझ्याकडे दिली.

किल्ली फिरेना. मी जोर केला. किल्ली वाकेल असं वाटलं म्हणून थांबलो. पुन्हा केला. मागे दुचाक्यांची रांग लागली, भोंगे सुरू झाले. "भैया, आगे बढ़ाओ ना!" "दीदी, साइड में लगा लो!" ताई सीटवर बसलेली, तिच्या चालण्याचं सगळं सामान त्या पत्र्याच्या आत, आणि भर बाजारात सगळ्यांच्या नजरा तिच्यावर.

ताई मात्र वळून माझ्या हातांकडे बघत होती. "तुलेही नाही उघडत?" तिनं विचारलं.

त्या आवाजात कुरकुर नव्हती. आशा होती.

"अडकलं आहे कुठेतरी," मी म्हणालो.

शेजारच्या चहावाल्याला तिनंच हाक मारली. "भैया, जरा गरम पानी देना!" त्यानं होकाराचं "हव दीदी" म्हणत केटली आणून दिली. मी कुलपावर पाण्याची धार धरली. वाफ आली, आणि त्या वाफेबरोबर वास. खोबरेलचा, अगदी न्हाणीघरातला. कुलपाच्या तोंडातून काळं, तेलकट पाणी पत्र्यावर ओघळलं. मी किल्ली फिरवली. कट्ट झालं आणि डिकी उघडली.

ताईनं ओघळात बोट बुडवून नाकाशी धरलं. मग माझ्याकडे पाहिलं. "तू तेल टाकलं होतं? खोबऱ्याचं?"

"दसऱ्याला," मी म्हणालो.

आता बाजारात शिव्या खायच्या, अशी मी तयारी केली. खरं तर मला त्या हव्या होत्या. पण ताईनं आपले दोन्ही हात समोर धरले, बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"म्हणजे माह्या हाताले काही नाही झालं," ती म्हणाली. आणि भोंग्यांच्या त्या गोंगाटात मोठ्यानं हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. चहावाल्यालाही सांगितलं, "भैया, मेरे हाथ एकदम ठीक हैं!" त्याला काय कळणार, पण तोही हसला. मला हसता आलं नाही.

छल्ला तिनं घेतलाच, पण स्वतःच्या किल्लीसाठी. संध्याकाळी अभनपुरला फोन करून मुलीला समजावलं, तुझ्यासाठी अशीच गाडी बनवून घेऊ, मी स्वतः येते कारखान्यात. दुसऱ्या दिवशी अंगणात बसून चिंधीला पेट्रोल लावून कुलूप आतून बाहेरून पुसलं, उन्हात सुकवलं आणि मग किल्लीवर पेन्सिल घासली. दोन बोटांनी किल्ली फिरवून दाखवली. "पाह्य. तेलानं धूळ धरते, पेन्सिलच्या शिश्यानं नाही."

तेव्हापासून येईल त्याला ती हा किस्सा सांगते. भाऊ माझा अति शहाणा, कुलपाला चंपी करून बसला. लोक हसतात. कुणी मला टोचून बोललं की लगेच माझी बाजू घेते, "जाऊ द्या, प्रेमानं केलं होतं त्यानं. थंडीत थिजते हे बिचाऱ्याले का माहीत!"

प्रत्येक वेळी मी तोंड उघडतो. "मला माहीत होतं", एवढे तीनच शब्द आहेत. समोर तिचा चेहरा इतका मोकळा असतो, की मी पाहुण्यांना चहाच विचारतो.

त्या रविवारी हात पुसून ती घरात आली आणि टीव्हीजवळचा रबरी बॉल उचलून माझ्या मुलीकडे फेकला. "घे पोट्टे तुहा बॉल. मले नाही लागत आता." मुलीनं झेलला आणि म्हणाली, "पापा, देखो, एकदम पिचक गया है."

मी पाहिला. ताईच्या बोटांनी त्याला खळगे पडले होते. ती तो दाबत असायची तेव्हा मी शेजारी बसून बातम्या पाहायचो.