गरम वड्यांची मूक संमती

नारायणगुड्याच्या एका कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवायचो. तीन-चारशे वर्षांपूर्वीचे युरोपातले विचारवंत हा माझा प्रांत. माणूस मुळात आपमतलबी, सत्ता भीतीवर चालते, बुद्धी म्हणजे इच्छेनं नेमलेली वकील, वगैरे. नव्वदीचं दशक होतं. मुलं दिलसुखनगरच्या कॉम्प्युटर क्लासांकडे धावत होती आणि माझ्या वर्गात बसत ती दुसरीकडे प्रवेश न मिळालेली. मग उरलेलं ज्ञान मी आमच्या मराठी मंडळात खर्च करायचो.

मंडळात मतदान कधीच होत नसे. परमुलखात आपण हात वर करून भांडायचं नाही, असा दंडक; भांडायचं ते घरी जाऊन. अध्यक्ष ठराव वाचत, "कोणाची हरकत नाही ना?" विचारत, जरा थांबत, की ठराव सर्वानुमते मंजूर. अध्यक्ष पुण्याहून आलेले, सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. छाप पाडायला म्हणून मी त्यांना एकदा सांगितलं, की ही कल्पना फार जुनी आहे. जो राज्याच्या रस्त्यावरून चालतो आणि गप्प राहतो, त्यानं राज्याला संमती दिली असं धरायचं. मूक संमती.

"म्हणजे गप्प बसवलं की काम झालं?"

"तसं नाही हो, त्यात विवेक..."

"इंटरेस्टिंग आहे, सर."

इतका चाणाक्ष विद्यार्थी मला कॉलेजात कधी मिळाला नाही. पुढच्या बैठकीपासून "हरकत नाही ना?" आणि गरम बटाटेवडे एकदमच यायला लागले.

मंडळाच्या मागच्या खोलीत एक बाई मुलांना मराठी लिहाय-वाचायला शिकवत. मलकपेठच्या, निजामाच्या काळापासून इथंच मुरलेल्या घरातल्या. माझी मुलगी त्यांच्याकडे जोडाक्षरांपर्यंत पोचली होती. अध्यक्षांना ती खोली कॉम्प्युटर क्लाससाठी हवी होती. बैठकीआधी बाई आमच्या घरी आल्या.

"भाऊ, मी बोलले तर म्हणतील, आपल्या खोलीपायी बोलते. तुम्ही निस्तं 'हरकत आहे' म्हणा. बाकीचे तयार हैत, पण पहिलं कोण बोलणार?"

"बोलतो ना. नक्की."

"नक्की?"

"बाई, आयुष्यभर विवेक शिकवतोय मी."

"हौ, म्हणून तर परेशान आहे."

बैठकीच्या दिवशी अध्यक्षांनी मला दारातच गाठलं. "उद्घाटनाचं भाषण तुमचंच, सर. आणि पहिल्या बॅचमध्ये मुलीची जागा ठेवलीय." मी फक्त हसलो. मग ठराव, मग प्रश्न, मग वडे.

वडा चटका देणारा होता. पण दोन शब्द निघू नयेत, एवढा नव्हता. मी सावकाश चावत राहिलो. चावता चावता माझे सगळे विचारवंत आठवले आणि एकेकानं मला माफ केलं. मुलीचं भविष्य, काळाची गरज... वकील फारच हुशार निघाली. समोर बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या बशीतल्या वड्याला हात लागला नव्हता.

"कोणाची हरकत नाही. मंजूर."

"माझी आहे," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, आता झालं की मंजूर! चटणी घ्या."

सगळे हसले. मीही हसलो. गप्प राहिल्याचं समर्थन मी आजही करू शकतो, हवं तर संदर्भांसकट. त्या हसण्याचं मात्र कुठल्याच विचारवंतानं केलेलं नाही.

बाईंनी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता उतरवून गुंडाळला. जाताना एवढंच म्हणाल्या, "पोरीचा 'क्ष' राहिलाय. घरी शिकवा."

"शिकवतो ना. नक्की."

उद्घाटनाला मी विवेकाच्या प्रगतीवर बोललो. टाळ्या पडल्या.

मुलगी आता कॉम्प्युटरमध्येच आहे, उत्तम कमावते. नातेवाइकांची लग्नपत्रिका आली की फोटो पाठवते : बाबा, काय लिहिलंय? बाई गेल्या. ज्यांनी जाब विचारावा, त्यांतली एक नाही आणि एकीला हे वाचता येत नाही. एवढं निर्भीड लिहायला मला नेमकी हीच सोय लागत होती.

काल ती आली होती. "काय लिहिता ओ बाबा, इतकं?"

"तत्त्वज्ञानाचं काहीतरी."

"मला वाचून दाखवा ना कधी."

"नक्की," मी म्हणालो.